बर्फातला गिनीपिग आणि मनगटावरचे घड्याळ

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही 'मापन आणि त्रुटी' या विषयावर तासभर बोललो. चहाच्या सुट्टीत व्यायामाचे एक शिक्षक जवळ आले. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे होती. डावीकडचे स्वतःचे, उजवीकडचे मुलाचे. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून ते रोज पहाटे गावामागची टेकडी चढत होते, आणि घड्याळ जेवढ्या कॅलरी 'जळाल्या' म्हणेल त्या हिशेबाने रात्री एखादी भाकरी जास्त घ्यायची की नाही हे ठरवत होते. चार महिने झाले तरी वजन जागचे हलले नव्हते. म्हणून त्यांनी मुलाचे घड्याळही बांधून पाहिले, तर त्याच टेकडीचा आणि त्याच पायांचा हिशेब उजव्या मनगटावर जवळजवळ दीडपट निघाला.

"सर, यातलं खरं कुठलं?"

आम्ही म्हटले, "दोन्ही घड्याळांनी कॅलरी मोजलेल्याच नाहीत." त्यांचा चेहरा पडला. चार महिन्यांच्या भाकऱ्या त्या आकड्यावर बेतलेल्या होत्या. चहाचा कप संपेपर्यंत देता येईल असे हे उत्तर नव्हते. आकडा तर समोर दिसतो, मग तो येतो कुठून? हे समजण्यासाठी सव्वादोनशेहून अधिक वर्षे मागे, पॅरिसला जावे लागते.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हॉझिए आणि लाप्लास या दोघांनी एक साधे पण विलक्षण उपकरण बनवले. एकात एक अशी तीन भांडी. सर्वांत आतल्या जाळीत प्राणी, मधल्या भांड्यात बर्फ आणि बाहेरच्या भांड्यातही बर्फ. बाहेरचा बर्फ खोलीतली उष्णता आत येऊ देत नाही, त्यामुळे मधला बर्फ वितळतो तो फक्त प्राण्याच्या उष्णतेने. वितळलेले पाणी तोटीतून खाली येते, ते तोलायचे. बर्फाचा अप्रकट उष्मा ठाऊक असला की झाले! त्यांच्या गिनीपिगने १० तासांत सुमारे १३ औंस, म्हणजे आजच्या मापाने ४०० ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळवला. एक ग्रॅम बर्फाला ८० कॅलरी धरल्या, तर ही उष्णता ३२,००० कॅलरी किंवा ३२ किलोकॅलरी होते. (आहाराच्या पुस्तकात आणि घड्याळावर जिला नुसती 'कॅलरी' म्हणतात ती किलोकॅलरीच असते. विद्यार्थ्यांचा येथे हमखास घोटाळा होतो. यापुढे आम्हीही त्याच अर्थाने 'कॅलरी' म्हणू.)

मग त्यांनी दुसरी गोष्ट केली. तसाच गिनीपिग तेवढ्या वेळात किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे मोजले, आणि तेवढाच वायू कोळसा जाळून तयार केला तर किती बर्फ वितळेल याचा हिशेब मांडला. उत्तर आले साडेदहा औंस. साडेदहा आणि तेरा हे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे असे म्हणण्याइतके जवळचे नक्कीच आहेत. या फरकाची कारणेही पुढे उलगडली. बर्फात बसलेल्या प्राण्याचे अंगच थोडे थंड होते, म्हणजे साठवलेली उष्णताही बर्फाला मिळते. शिवाय शरीरात फक्त कार्बन जळत नाही, हायड्रोजनही जळतो. न जुळलेला आकडा झाकून न ठेवता तो का जुळत नाही हे शोधत बसण्याची ही सवय आम्हाला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाची वाटते.

माणसाला बर्फात बसवणे शक्य नव्हते. १७८९-९० मध्ये लाव्हॉझिएने उष्णतेचा नाद सोडून माणूस किती ऑक्सिजन घेतो हे मोजायला घेतले. प्रयोगाचा माणूस होता त्याचा सहकारी आर्मां सेगें. त्याच्या तोंडावर मुखवटा, मुखवट्याला नळी, पाय एका पायपट्टीवर. त्या खोलीचे चित्र लाव्हॉझिएची पत्नी मारी-आन हिने काढून ठेवले आहे, आणि टेबलाशी बसून टिपणे घेणारी स्त्री म्हणून चित्रात ती स्वतःही आहे. उपाशीपोटी स्वस्थ बसलेल्या सेगेंला जेवढा ऑक्सिजन लागे, त्यापेक्षा थंडीत थोडा जास्त लागे, जेवल्यावर दीडपट लागे आणि वजन उचलण्याचे काम करताना अडीचपटीहून अधिक लागे.

याच प्रयोगांत आणखी एक नोंद आहे. काम वाढते तशी नाडी वाढते, आणि ही वाढ उचललेल्या एकूण वजनाच्या प्रमाणात असते, असे लाव्हॉझिएला दिसले. त्यावरून तो पुढे जाऊन म्हणाला की भाषण करणारा वक्ता, वाद्य वाजवणारा वादक, इतकेच नव्हे तर विचार करणारा तत्त्वज्ञ यांचे श्रमही किती पौंड वजन उचलण्याबरोबर आहेत हे सांगता येईल. नाडी मोजा आणि श्रम सांगा! मनगटावरच्या घड्याळाची सारी कल्पना येथे, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षात, मांडून झालेली आहे. तिच्या मर्यादा तपासायला मात्र लाव्हॉझिएला सवड मिळाली नाही. ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

पुढची शंभर वर्षे आपण भरभर ओलांडू. १८९४ मध्ये जर्मनीत मॅक्स रूब्नर याने कुत्र्याला उष्णतामापक पेटीत ठेवून दाखवले की अन्नातून आणि श्वासातून काढलेला ऊर्जेचा हिशेब आणि पेटीने प्रत्यक्ष मोजलेली उष्णता यांत एक टक्क्याचाही फरक पडत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सजीवांनाही चुकलेला नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

माणसासाठी अशीच पेटी बांधली ती अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात, विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने आणि एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाने, १८९० च्या दशकात. पेटी कसली, खोलीच ती! लांबी सुमारे ७ फूट, रुंदी ४ फूट. आतून तांबे, बाहेरून जस्त, त्यापलीकडे लाकूड. आत घडीचा पलंग, खुर्ची, टेबल. अन्न देण्याघेण्यासाठी एक झरोका. माणूस अनेक दिवस आत राही आणि कधी जागच्या जागी सायकलही चालवी. नळ्यांतून थंड पाणी खेळवलेले असे, आणि ते किती तापून बाहेर आले यावरून माणसाने दिलेली उष्णता कळे. भिंतीतून उष्णता गळू नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याचे तापमान सतत सारखे राखावे लागे, आणि त्यासाठी रात्रंदिवस माणसे पहाऱ्यावर असत. एक ग्रॅम कर्बोदक ४, प्रथिन ४ आणि स्निग्ध पदार्थ ९ कॅलरी, हे आपण वर्गात शिकवतो ते आकडे याच अ‍ॅटवॉटरचे. (मद्यार्कापासूनही शरीराला ऊर्जा मिळते असे याच खोलीत दिसले. दारूबंदीवाले त्याच्यावर संतापले आणि दारूच्या व्यापाऱ्यांनी त्याची जाहिरात केली. शास्त्रज्ञाच्या आकड्याचे पुढे काय होईल हे त्याच्या हाती नसते.)

त्या खोलीत कॅलरी खरोखर मोजली जात होती. तेथून पुढचा इतिहास म्हणजे तिच्या जागी मोजायला सोपे असे काहीतरी बसवण्याचा इतिहास आहे.

पहिला बदल फायद्याचा ठरला. उष्णतेऐवजी ऑक्सिजन मोजायचा. एक लिटर ऑक्सिजन वापरून शरीराने कर्बोदक जाळले तर सुमारे ५.०५ कॅलरी मिळतात आणि चरबी जाळली तर सुमारे ४.७. दोन्हींत फरक सात-आठ टक्क्यांचा, आणि कार्बन डायऑक्साइडही मोजला तर तोही दुरुस्त करता येतो. १९११ मध्ये ऑक्सफर्डच्या डग्लसने पाठीवर बांधायची एक हवाबंद पिशवी बनवली. तोंडाने सोडलेली हवा पिशवीत साठवायची आणि मग तिचे पृथक्करण करायचे. खोलीत कोंडलेला माणूस त्या पिशवीमुळे डोंगरावर, शेतात, खाणीत जाऊ शकला. १९५२ मध्ये स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातले खाणकामगार आणि कारकून दिवसभरात किती ऊर्जा खर्च करतात हे श्वासाची हवा गोळा करूनच मोजले गेले.

दुसऱ्या बदलात मात्र काही हरवले. प्रत्येकाच्या तोंडाला नळी लावणे शक्य नाही. तेव्हा काही लोकांची मोजमापे घ्यावीत आणि इतरांसाठी सूत्र बनवावे. बोस्टनच्या कार्नेगी पोषण प्रयोगशाळेतल्या फ्रान्सिस बेनेडिक्टने जे. आर्थर हॅरिस याच्याबरोबर १९१९ मध्ये असे सूत्र दिले. १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया यांची पूर्ण विश्रांतीतली मोजमापे घेऊन त्यांनी वजन, उंची आणि वय यांवरून दिवसाचा किमान खर्च काढण्याची रीत सांगितली. पुरुषांसाठी ती अशी: वजन (किलोग्रॅम) गुणिले १३.७५, अधिक उंची (सेंटिमीटर) गुणिले ५, वजा वय गुणिले ६.७६, अधिक ६६.५. साठ किलो वजनाच्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या, चाळिशीतल्या शिक्षकाचा आकडा यावरून सुमारे १,४५० कॅलरी येतो. वर्गात करून पाहावे. गणिताच्या तासालाही चालेल.

पण हे २३९ जण होते कोण? अमेरिकेतली माणसे. याच बेनेडिक्टच्या सहकार्याने मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजातील एलिनॉर मेसन यांनी दक्षिण भारतीय स्त्रियांची मोजमापे घेतली आणि ती १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकन मापदंडापेक्षा हे आकडे स्पष्टपणे कमी होते. म्हणजे ज्याने सूत्र दिले त्याच्याच नावाच्या निबंधात, बारा वर्षांनी, हे सूत्र आपल्याकडच्या शरीराला जसेच्या तसे लागू होत नाही असे दिसले होते.

ते जगाने फारसे मनावर घेतले नाही. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी जी नवी सूत्रे स्वीकारली त्यांच्या मागे सात हजारांहून अधिक मोजमापे होती, पण त्यांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या इटलीतली. उष्ण कटिबंधातल्या लोकांच्या बाबतीत ही सूत्रे आठ-दहा टक्के जास्त आकडा देतात, असे पुढच्या काही वर्षांत दिसून आले. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही तो आकडा पाच टक्क्यांनी उतरवूनच वापरला. आपली शरीरे काही निराळ्या पदार्थाची बनलेली आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्याच वजनात आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि चरबी कमी ऊर्जा खर्च करते. चरबी वगळून उरलेल्या वजनाशी तुलना केली की फरक बराचसा नाहीसा होतो. पण सूत्राला फक्त वजन कळते. ते कशाचे आहे हे कळत नाही.

याहून थक्क करणारी गोष्ट व्यायामाच्या कोष्टकांची आहे. चालणे, धावणे, झाडणे अशा प्रत्येक कामाला एक अंक दिलेला असतो. स्वस्थ बसण्याच्या कितीपट ऊर्जा त्या कामाला लागते, तो हा अंक. आणि 'स्वस्थ बसणे' म्हणजे दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन. हा ३.५ कुठून आला? तो सत्तर किलो वजनाच्या, चाळीस वर्षांच्या एका पुरुषावरून आलेला आहे असे मानले जाते. २००५ मध्ये ७६९ लोकांवर पडताळा घेतला तेव्हा सरासरी निघाली २.६. पायाच एक तृतीयांशाने फुगलेला, आणि सगळे मजले त्याच्यावर!

आता घड्याळाकडे येऊ. त्याच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातले रक्त क्षणभर वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून नाडी मोजली जाते. प्रकाशाने नाडी टिपण्याची ही युक्ती १९३७ च्या सुमारास अमेरिकेत हर्ट्‌झमन याने वापरात आणली होती. दुसरा भाग त्वरणमापक. हात कसा हलतो हे त्याला कळते. त्याचा पूर्वज म्हणजे जपानमध्ये १९६५ मध्ये, टोकियो ऑलिंपिकनंतरच्या उत्साहात विकायला आलेला 'मान्पो-केई', अर्थात दहा हजार पावलांचा मापक. (दिवसाला दहा हजार पावले हा मंत्र त्या नावातून जगभर पसरला, तो कोणत्याही प्रयोगातून निघालेला नाही.) आणि तिसरी गोष्ट म्हणजे घड्याळ घेतल्या दिवशी आपणच भरलेले वय, वजन, उंची. घड्याळाजवळची सामग्री एवढीच. ना उष्णता, ना ऑक्सिजन. या तीन गोष्टींवरून कॅलरी काढणारे सूत्र प्रत्येक कंपनीचे वेगळे आणि सहसा गुप्त. आमच्या शिक्षकमित्राच्या दोन मनगटांवर दोन आकडे होते ते यामुळे.

नाडीवरून ऑक्सिजन काढण्यात अडचण कोणती, हे १८७० मध्ये फिक या शरीरशास्त्रज्ञाने मांडलेल्या तत्त्वावरून चांगले समजते. मिनिटाला वापरलेला ऑक्सिजन म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: मिनिटाचे ठोके, एका ठोक्यात हृदयाने पुढे ढकललेले रक्त, आणि त्या रक्तातून स्नायूंनी काढून घेतलेला ऑक्सिजन. घड्याळ यांतली पहिलीच मोजते. समजा दोघांचीही नाडी १२० आहे आणि दोघांचेही स्नायू दर लिटर रक्तातून १०० मिलिलिटर ऑक्सिजन घेतात. एकाचे हृदय ठोक्याला ८० मिलिलिटर रक्त ढकलते, दुसऱ्या सरावलेल्या माणसाचे ११०. पहिल्याचा ऑक्सिजन मिनिटाला ९६० मिलिलिटर, दुसऱ्याचा १,३२०. म्हणजे एकाच्या मिनिटाला साधारण ४.८ कॅलरी आणि दुसऱ्याच्या ६.६. घड्याळावर नाडी तीच. त्यातच उकाडा, कडक चहा, अधिकाऱ्यांची अचानक तपासणी यांनीही नाडी वाढते, कॅलरी त्या प्रमाणात नव्हे. लाव्हॉझिएला जे सरळ प्रमाण दिसले ते एकाच सेगेंपुरते होते. एका माणसापुरते ते पुष्कळसे खरेही असते. एका माणसावरून दुसऱ्याकडे जाताना ते बिघडते.

घड्याळ चुकते हे ठरवायला त्याच्याहून चांगले मोजमाप हवे. तेही आता उपलब्ध आहे. मिनेसोटाच्या नेथन लिफ्सन याने १९५५ मध्ये उंदरांवर एक रीत वापरली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्हींचे जड समस्थानिक असलेले पाणी प्यायला द्यायचे. जड हायड्रोजन शरीराबाहेर जातो तो फक्त पाण्याच्या रूपाने. जड ऑक्सिजन पाण्यातूनही जातो आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही. तेव्हा दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड! एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासले की पुरे. माणूस या काळात घरी, शेतावर, शाळेत कुठेही असो. जड ऑक्सिजन इतका महाग होता की ही रीत माणसांवर वापरायला १९८२ साल उजाडले.

टोकियोत १९ जणांच्या अंगावर एकाच वेळी १२ यंत्रे बांधून या रीतीशी ताडून पाहिले गेले. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. रोजच्या जगण्यात यंत्रे दिवसाला सुमारे ७० ते ५९० कॅलरी कमी दाखवत होती. स्टॅनफर्डमध्ये २०१७ मध्ये ६० जणांवर सात मनगटी यंत्रे तपासली, तेथे तुलना श्वासातल्या वायूंशी होती. सातांपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने बरोबर आली. कॅलरीत मात्र सर्वांत चांगले यंत्र २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्वचा जितकी सावळी तितकी नाडीतली चूकही वाढत होती. हिरव्या प्रकाशाचा मार्ग आठवला की कारण लक्षात येईल. त्यानंतर यंत्रे बदलली, सूत्रे सुधारली, पण ती त्याच तीन गोष्टींवर चालतात. आणि वजनाचे म्हणाल, तर अमेरिकेत ४७१ तरुणांच्या दोन वर्षांच्या चाचणीत (निष्कर्ष २०१६) दंडावर असे यंत्र बांधणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलो उतरले आणि न बांधणाऱ्यांचे ५.९.

हे सारे ऐकून घेतल्यावर आमचे शिक्षकमित्र म्हणाले, "मग टेकडीचा हिशेब करायचा तरी कसा?" आम्ही म्हटले, नववीच्या भौतिकशास्त्राने. वजन ७२ किलो, टेकडी १०० मीटर. ७२ गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे सुमारे ७०,५०० ज्यूल, म्हणजे १७ कॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के, तेव्हा चारपाचपट करा: ७० ते ८५. हा झाला चढण्याचा खर्च. टेकडीपर्यंत जाण्यायेण्याचे सपाटीवरचे चार किलोमीटर, किलोमीटरमागे दर किलोला साधारण अर्धी कॅलरी, हे आणखी दीडशेच्या आत. एकूण सव्वादोनशे धरा. घड्याळ दाखवते त्यात आणखी तासाच्या साठ-सत्तर कॅलरी असतात, ज्या घरी खुर्चीत बसूनही खर्च झाल्याच असत्या. बहुतेकांना हे ठाऊक नसते. ज्वारीची एक चांगली भाकरी पावणेदोनशेच्या घरात जाते.

त्यांनी कागदावरचा हिशेब पुन्हा एकदा ताडून पाहिला, घडी करून खिशात ठेवला. मग उजव्या मनगटावरचे मुलाचे घड्याळ काढले.

"डावं राहू दे का?"

राहू द्या, आम्ही म्हटले. नाडी ते बरी मोजते.